रेशीमकिड्याचें विरघळणारें कवच

लग्नसराईंत पैठणीची घडी उलगडली, कीं घरांतल्या बायका पदरावरचा मोर पाहतात, पोत चिमटींत धरून पाहतात, आणि जाणत्या असतील तर जर खरी आहे कीं नाहीं याचीहि चौकशी करतात. ज्या किड्यानें तें रेशीम घातलें त्याचें पुढें काय झालें, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. प्रश्न थोडा अप्रिय आहे हें खरें. परंतु आजच्या भाषणाचा विषय त्याच प्रश्नांतून निघतो, म्हणून मी तेथूनच सुरुवात करतों.

तुतीच्या पाल्यावर वाढलेला किडा आपल्याभोंवतीं हजार मीटरच्या आसपास लांबीचा एक अखंड धागा गुंडाळतो आणि त्या कोषांत निजतो. त्याचा पतंग होऊं दिला, तर बाहेर पडतांना तो कोष भेदतो आणि धागा तुटतो. म्हणून त्यापूर्वींच कोष वाफेनें अगर गरम हवेनें तापवतात, आंतला कीटक मरतो, आणि मग कोष गरम पाण्यांत सोडून धागा उकलून घेतात. धागा रहाटावर जातो. मागें उरतो तो तपकिरी, सुरकुतलेला, उग्र दर्प येणारा कीटक. त्याला प्यूपा म्हणतात. चीन-कोरियांत आणि आपल्याकडे आसामांत कांहीं जातींचे प्यूपे लोक आवडीनें खातात. अन्यत्र ते कोंबड्यांच्या व माशांच्या खाद्यांत किंवा खताच्या खड्ड्यांत जातात.

या उरलेल्या मालाचा थोडा हिशेब करूं. एक किलो कच्चें रेशीम मिळण्यास सहा-सात किलो ताजे कोष लागतात, आणि ताज्या कोषाच्या वजनाचा सुमारें चार पंचमांश भाग प्यूपाचाच असतो. म्हणजे किलोभर रेशमामागें पांच किलोंच्या आसपास ओला प्यूपा आला. वाळवल्यावर तो सव्वा किलो भरतो. त्यांत निम्म्याच्या आसपास किंवा अधिक प्रथिनें, पाव हिस्सा किंवा थोडें अधिक तेल, आणि शेंकडा तीन ते पांच इतकें कायटिन नांवाचें द्रव्य असतें. एका जड साडीला अर्धा किलो रेशीम लागलें असें धरलें, तर तिच्यामागें पंचवीस ग्रॅमच्या आसपास कायटिन पडलें. या एवढ्याशा द्रव्याला पाण्यांत विरघळावयास कसें लावतात, आणि तें करतांना वेळेचा व उष्णतेचा हिशेब इतक्या काटेकोरपणें कां ठेवावा लागतो, हें आज सांगावयाचें आहे.

कायटिनाची ओळख जुनी आहे. १८११ सालीं आंरी ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाला तें अळिंब्यांत आढळलें. १८२३ सालीं ओगुस्त ओदिए यानें कीटकांच्या कवचांत असलेल्या या द्रव्याला, अंगरखा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून, कायटिन हें नांव दिलें. खेकडा, कोळंबी, झुरळ, भुंगा, रेशीमकिडा या सर्वांचा अंगरखा मुख्यतः याच धाग्याचा विणलेला असतो. साखरेच्या जातीचे हजारों लहान मणी एका माळेंत ओंवले आहेत अशी कल्पना करा. प्रत्येक मण्याच्या एका कोंपऱ्यावर नायट्रोजनचा एक अणु असतो आणि त्याच्या डोक्यावर अ‍ॅसेटिल नांवाच्या अणुगटाची एक टोपी असते. अशा माळा एकमेकींशेजारीं इतक्या दाट बसतात, कीं पाण्याला त्यांना सुटें करतां येत नाहीं. पावसांत भिजून झुरळाचें कवच विरघळलें असें आपण कधीं पाहिलें नाहीं, त्याचें कारण हेंच.

१८५९ सालीं शार्ल रुजे यानें कायटिन तीव्र अल्कामध्यें उकळून पाहिलें, तेव्हां एक चमत्कारिक गोष्ट घडली. तें द्रव्य दिसावयास फारसें बदललें नाहीं, पण सौम्य अम्लांत तें विरघळूं लागलें. अल्कानें पुष्कळशा टोप्या काढून टाकल्या होत्या. उघड्या पडलेल्या नायट्रोजनाला अम्लांतील हायड्रोजनचा भारित कण चिकटतो. मग सर्व माळेवर एकाच जातीचा विद्युत्भार येतो. समान भार एकमेकांना दूर ढकलतात, आणि दाट बसलेल्या माळा सुट्या होऊन पाण्यांत पसरतात. टोप्या काढलेल्या या द्रव्याला १८९४ सालीं होप्पे-झायलर यांनीं कायटोसान हें नांव दिलें.

परंतु हें विरघळणें परावलंबी आहे. अम्ल आहे तोंवर कायटोसान पाण्यांत राहतें; अम्ल मारलें, पाणी उदासीन झालें, कीं भार नाहींसा होतो आणि सारा माल चोथ्यासारखा खालीं बसतो. आपलें रक्त किंचित् अल्कधर्मी आहे. जखमेवर घालावयाचें किंवा औषधाबरोबर शरीरांत सोडावयाचें द्रव्य आंबट पाण्यांतच टिकणार असेल, तर त्याचा उपयोग फार मर्यादित होतो. म्हणून रसायनज्ञ माळेवरच असा कायमचा बदल करतात, कीं तिनें साध्या पाण्यांतहि विरघळावें. अशा बदललेल्या द्रव्यांना कायटोसानचीं साधितें म्हणूं. त्यांपैकीं बरेंच वापरांत असलेलें एक साधित म्हणजे कार्बोक्सिमेथिल कायटोसान. नांव लांब असलें तरी कल्पना सोपी आहे: मण्याला अम्लाचें एक लहान शेंपूट जोडावयाचें. हें शेंपूट उदासीन पाण्यांतहि विद्युत्भार धरून राहतें, आणि माळ विरघळते.

कायटोसान बहुधा कोळंबी-खेकड्याच्या टरफलांपासून करतात, आणि समुद्रकांठच्या देशांना तें सोयीचेंहि आहे. पण उझबेकिस्तानसारख्या देशानें काय करावें? त्याला समुद्र नाहीं. इतकेंच नव्हे, तर त्याच्या सरहद्दीला लागलेल्या एकाहि देशाला महासागराचा किनारा नाहीं. रेशीम मात्र तेथें पिढ्यान् पिढ्या होत आलें आहे. फरगाना खोऱ्यांतील मार्गिलान शहर त्यासाठीं प्रसिद्ध आहे. म्हणून ताश्कंद येथील विज्ञान अकादमीच्या संस्थेंतील रसायनज्ञांनीं रेशीमकिड्याच्या प्यूपापासून कायटोसान काढण्याचा आणि त्याचीं विरघळणारीं साधितें करण्याचा अभ्यास हातीं घेतला. कापसाच्या बियाण्यावर पेरणीपूर्वीं कायटोसानचा लेप देण्याचे प्रयोगहि त्या देशांत झाले आहेत. प्यूपाची एक सोय अशी, कीं खेकड्याच्या पाठीप्रमाणें त्यांत चुन्याचा मोठा भाग नसतो; त्यामुळें खनिजें काढण्याचें काम हलकें होतें. उलट तेल आणि प्रथिनें पुष्कळ असल्यामुळें तीं आधीं कसोशीनें काढावीं लागतात.

इथपर्यंत ऐकून वाटेल, कीं मग अडचण कोणती? अल्क घाला, उकळा, शेंपूट जोडा, धुवा, वाळवा, झालें. पाककृतींत एवढेंच लिहिलेलें असतें. पण एकाच पाककृतीनें दोघींनीं केलेले लाडू सारखे होत नाहींत, हें आपणांस ठाऊक आहे. पातेल्यांत एकाच वेळीं अनेक क्रिया चाललेल्या असतात आणि प्रत्येकीची गति निराळी असते. यांतली कोणती किती वेगानें चालते, हें मोजणाऱ्या शास्त्राला रासायनिक गतिशास्त्र म्हणतात.

या शास्त्राचा आरंभ आपल्या स्वयंपाकघरांतल्या एका गोष्टीपासून झाला असें म्हणतां येईल. पाक करतांना त्यांत लिंबाचे चार थेंब पिळतात. कारण विचारलें तर सांगतात, पाक साखरत नाहीं. खरें आहे. ऊसाच्या साखरेचा प्रत्येक रेणु दोन लहान शर्करांच्या जोडीनें बनलेला असतो. अम्लामुळें कांहीं जोड्या सुटतात आणि त्या सुट्या शर्करा उरलेल्या साखरेला दाणा धरूं देत नाहींत. १८५० सालीं लुडविग विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञानें साखरेच्या पाण्यांत अम्ल घालून, प्रकाशाच्या साहाय्यानें, ती किती वेळांत किती सुटते हें मोजलें. त्याला असें आढळलें, कीं कोणत्याहि क्षणीं क्रियेचा वेग त्या क्षणीं शिल्लक असलेल्या साखरेच्या प्रमाणांत असतो. शिल्लक निम्मी झाली कीं वेगहि निम्मा. समजा, पहिल्या तासांत निम्मी साखर सुटली. तर दुसऱ्या तासांत उरलेल्याची निम्मी, म्हणजे मूळच्या पाव हिश्शाइतकी सुटेल, तिसऱ्या तासांत अष्टमांश. चार तासांनीं सोळावा हिस्सा अजून शिल्लकच असेल. शेवटचा थोडा भाग उरकावयास पहिल्या मोठ्या भागाइतकाच किंवा अधिक वेळ लागतो, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

प्यूपाच्या कवचाकडे परत येऊं. पहिली क्रिया टोप्या काढण्याची. स्वच्छ केलेलें कायटिन शेंकडा चाळीस ते पन्नास कॉस्टिक सोडा असलेल्या द्रावणांत शंभर अंशांच्या आसपास तापवतात. अल्क इतका मुबलक असतो, कीं तो संपण्याचा प्रश्नच नसतो. वेग ठरतो तो शिल्लक टोप्यांच्या संख्येवर. म्हणून प्रारंभीं विल्हेल्मीचा नियम बऱ्यापैकीं लागू पडतो. पण कांहीं वेळानें वेग त्या नियमाहूनहि खालीं येतो आणि क्रिया जणूं अडून बसते. याचें कारण कवचाच्या घडणींत आहे. कायटिन अल्कांत विरघळलेलें नसतें, नुसतें फुगलेलें असतें. त्याचे सैल भाग लवकर उघडे पडतात. घट्ट, स्फटिकासारखे भाग आंत बंदिस्त राहतात. अशा वेळीं नवशिका मनुष्य तापमान वाढवतो किंवा तासांवर तास जाऊं देतो. अनुभवी मनुष्य माल बाहेर काढतो, धुतो, आणि ताज्या अल्कांत पुन्हा थोडा वेळ घालतो. एका लांबलचक उकळीपेक्षां दोन आंखूड उकळ्यांनीं अधिक टोप्या निघतात, आणि मालाची खराबीहि कमी होते.

खराबी कोणती, तें तिसऱ्या क्रियेच्या वेळीं सांगतों. त्याआधीं दुसरी क्रिया पाहूं. ती शेंपूट जोडण्याची. कायटोसान अल्कांत भिजवून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्यें ढवळत ठेवतात आणि त्यांत मोनोक्लोरोअ‍ॅसेटिक अ‍ॅसिड घालतात. अल्कामुळें मण्यावरचा ऑक्सिजन चढाई करण्यास सिद्ध होतो. तो त्या अ‍ॅसिडांतील क्लोरीन असलेल्या कार्बनवर जाऊन बसतो. क्लोरीन मिठाच्या रूपानें बाहेर पडतें आणि शेंपूट मण्याला जडतें. येथें दोन पक्षांची गांठ पडावी लागते, म्हणून वेग दोघांच्याहि प्रमाणावर अवलंबून असतो. शेंपूट ऑक्सिजनला जडलें कीं नायट्रोजनला, हेंहि परिस्थितीवर अवलंबून असतें, आणि दोन्ही मालांचे गुण सारखे नसतात.

मात्र याच पातेल्यांत एक चोर बसलेला असतो. ज्या अल्कानें मण्याला सिद्ध केलें तोच अल्क क्लोरोअ‍ॅसेटिक अ‍ॅसिडावर परस्पर हल्ला करतो आणि त्याचें ग्लायकोलिक अ‍ॅसिडाच्या क्षारांत रूपांतर करून टाकतो. हा क्षार कोणाच्याहि कामाचा नाहीं, आणि त्यांत गेलेलें शेंपूट परत मिळत नाहीं. पाणी अधिक असलें, अल्क गरजेपेक्षां जास्त झाला, तर चोराचें फावतें. दोन्ही क्रियांत क्लोरीन बाहेर पडतें, म्हणून केवळ द्रावणांतलें क्लोराइड चांदीच्या क्षारानें मोजून भागत नाहीं. त्यावरून एकंदर किती अ‍ॅसिड खर्चीं पडलें एवढेंच समजतें. कामास किती आलें हें समजण्यासाठीं ठराविक वेळानें थोडा थोडा माल काढून त्यांतला अल्क मारतात, अल्कोहोलनें धुतात, आणि मण्यांना खरोखर किती शेंपटें जडलीं तें मोजतात. पहिला आंकडा जमाखर्चांतला खर्च, दुसरा आंकडा मिळकत. दोहोंमधला फरक चोराच्या हातीं गेला. असे आंकडे दहा, वीस, चाळीस, ऐशीं मिनिटांनीं घेतले, म्हणजे दोन्ही क्रियांचे वेग निरनिराळे काढतां येतात. अ‍ॅसिड एकदम न ओततां हप्त्याहप्त्यानें कां घालावें, किंवा अमुक वेळानंतर ढवळत बसण्यांत अर्थ कां नाहीं, हें अशा आंकड्यांनीं सिद्ध होतें.

शेंपटें पुरेशीं नसलीं तर माल साध्या पाण्यांत विरघळत नाहीं. तीं पुरेशीं असलीं तरी एक पेंच राहतो. आतां माळेवर अम्लाचीं शेंपटेंहि आहेत आणि अल्कधर्मी नायट्रोजनहि आहेत. ज्या आम्लतेला दोहोंचे विरुद्ध भार बरोबर तोलतात, तेथें माळा पुन्हा एकमेकींना बिलगून गढूळपणा येतो. म्हणजे शेंपटांची संख्या नुसती अधिक असून भागत नाहीं. माल कोणत्या पाण्यांत वापरावयाचा तें पाहून ती ठरवावी लागते, आणि ठरलेल्या संख्येला क्रिया थांबवतां आली पाहिजे.

तिसरी क्रिया आपणांस नको असते, तरीहि ती सारा वेळ चाललेली असते. ती म्हणजे माळ तुटण्याची. साखरेच्या जोडींत दोन शर्करांना बांधणारा जो दुवा असतो, त्याच जातीचा दुवा कायटोसानच्या मण्यामण्यांत असतो. लिंबाच्या रसानें पाकांत जें केलें तेंच अम्लानें येथें घडतें. म्हणूनच अम्लांत विरघळवून ठेवलेलें कायटोसान कालांतरानें पातळ होतें. अल्कामध्यें हा दुवा बराच टिकाव धरतो; पण गरम अल्कांत हवेंतला ऑक्सिजन शिरला, कीं तोहि माळा तोडूं लागतो. याकरितां काळजीपूर्वक काम करणारे लोक पातेल्यांतील हवा काढून नायट्रोजन वायु भरतात.

तुटण्याचें प्रमाण ऐकावयास क्षुल्लक वाटतें. हजार मण्यांच्या माळेंत नऊशें नव्याण्णव दुवे असतात. त्यांतले तीन तुटले, तर रासायनिक पृथक्करणाला तें जवळजवळ दिसतहि नाहीं. पण माळेचे चार तुकडे झाले, आणि सरासरी लांबी हजारावरून अडीचशांवर आली! टोप्या हजारांनीं निघाव्या लागतात, शेंपटें शेंकड्यांनीं जडावीं लागतात. नुकसान व्हावयास मात्र दोन-तीन दुवे पुरतात. हें नुकसान द्रावणाच्या घट्टपणावरून ओळखतात. कांचेच्या बारीक नळींतून ठराविक द्रावण वाहून जावयास किती सेकंद लागतात तें मोजतात. माळा लांब असल्या तर तें मधासारखें सावकाश उतरतें, आंखूड झाल्या तर पाण्यासारखें पळतें. माळेच्या सरासरी लांबीचा व्यस्तांक वेळेबरोबर सरळ रेषेंत वाढत जातो, आणि त्या रेषेच्या चढावरून तुटण्याचा वेग कळतो.

आतां उष्णतेचा प्रश्न. क्रिया सावकाश चालली कीं चूल मोठी करावी, ही आपली स्वाभाविक बुद्धि. या बाबतींतला नियम स्वीडनचे स्वान्टे आऱ्हेनियस यांनीं १८८९ सालीं मांडला. प्रत्येक क्रियेला एक उंबरठा असतो; तो ओलांडण्याइतकी शक्ति ज्या रेणूंजवळ असते तेच पलीकडे जातात. उष्णता वाढली कीं असे रेणु वाढतात. पण किती पटींनीं वाढतात, हें उंबरठ्याच्या उंचीवर अवलंबून असतें. उदाहरणार्थ, एका क्रियेचा उंबरठा ५० किलोज्यूल आणि दुसरीचा त्याच्या दुप्पट, म्हणजे १०० किलोज्यूल आहे असें धरूं. तापमान २७ अंशांवरून ३७ अंशांवर नेलें, तर पहिलीचा वेग सुमारें १.९ पट होतो, दुसरीचा ३.६ पट. तें ४७ अंशांवर नेलें, तर पहिली साडेतीन पट धांवते आणि दुसरी बारा पट! उंच उंबरठ्याची क्रिया थंडींत निपचित पडलेली असते. उष्णता मिळतांच ती सर्वांच्या पुढें जाते. ती दुसरी क्रिया जर माळ तोडणारी असेल, तर घाई करणाऱ्यानें आपल्या कामाचा वेग साडेतीन पट वाढविला आणि नुकसानीचा बारा पट.

म्हणून शास्त्रज्ञ एकच प्रयोग तीन-चार निरनिराळ्या तापमानांवर करतात आणि प्रत्येक क्रियेच्या उंबरठ्याची उंची काढतात. ती एकदां समजली, म्हणजे कोठें घाई करावी आणि कोठें सबुरी धरावी, हें अंदाजानें ठरवावें लागत नाहीं. इष्ट क्रियेचा उंबरठा उंच असला तर थोडा वेळ खूप तापविणेंच फायद्याचें ठरतें. नको असलेल्या क्रियेचा उंच असला तर मंद आंच आणि जास्त वेळ हाच मार्ग.

एक खबरदारी मात्र घ्यावी लागते. आपण मोजला तो वेग खरोखर रासायनिक क्रियेचा आहे, कीं द्रव्य कणांच्या आंत झिरपण्याचा? साबुदाणा भिजवतांना पाणी कमी पडलें किंवा वेळ अपुरा झाला, तर दाणा वरून मऊ लागतो आणि मध्यें टणक राहतो. कायटोसानचे दाणेहि तसेच असतात. बाहेरच्या मण्यांना चार-चार शेंपटें मिळण्याची घाई आणि आंतल्यांना एकहि नाहीं, अशी स्थिति झाली तर सरासरी आंकडा ठीक दिसूनहि माल पाण्यांत गोळ्यागोळ्यांनीं तरंगतो. याची परीक्षा सोपी आहे. माल अधिक बारीक करून, किंवा अधिक जोरानें ढवळून पाहावें. त्यानें वेग वाढला तर अडथळा झिरपण्याचा आहे. मुळींच न वाढतां केवळ उष्णतेनें वाढला तर तो क्रियेचा आहे. पहिल्या रोगावर उष्णतेचें औषध देणें म्हणजे साबुदाणा न भिजवतांच कढईंत टाकणें होय.

एवढा खटाटोप कशासाठीं, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचें उत्तर प्रयोगशाळेच्या बाहेर आहे. काचपात्रांत शंभर मिलिलिटर द्रावण असतें. तें मिनिटांत तापतें, मिनिटांत निवतें. कारखान्याचें भांडें लांबी, रुंदी व उंची या तिन्ही बाजूंनीं दहापट मोठें केलें, तर त्यांतला माल हजारपट होतो, पण उष्णता आंतबाहेर जाण्याचा पृष्ठभाग फक्त शंभरपट. तें सावकाश तापतें, आणि विस्तव काढल्यावरहि कितीतरी वेळ गरमच राहतें. त्या सर्व वेळांत तिन्ही क्रिया चालूच असतात. प्रयोगशाळेंतली "दोन तास उकळा" ही सूचना तेथें निरुपयोगी होते. उपयोगी पडतात ते वेगाचे आंकडे आणि उंबरठ्यांच्या उंच्या, कारण त्यांवरून कोणत्याहि भांड्याचा हिशेब नव्यानें मांडतां येतो. ज्या डॉक्टरला हें द्रव्य जखमेवर घालावयाचें आहे, त्याला मार्च महिन्यांतला आणि ऑगस्ट महिन्यांतला माल सारखाच हवा असतो. एका घाण्याचा पडदा चिवट आणि दुसऱ्याचा कांचेसारखा तडकणारा निघाला, तर तो दोन्ही फेंकून देईल, आणि तसें करण्यांत त्याचें चुकणार नाहीं.

येथें एक गोष्ट प्रांजळपणें सांगितली पाहिजे. प्यूपाच्या कायटिनामुळें रेशमाचा धंदा करणारे एकाएकीं श्रीमंत होतील, असें कोणी समजूं नये. एका साडीमागें पंचवीस ग्रॅम हा आंकडा आपण आरंभींच पाहिला. जेथें कोळंबीचीं टरफलें डोंगरासारखीं पडतात तेथें तींच स्वस्त. शिवाय या कामांत अल्क पुष्कळ लागतो, आणि वापरलेला अल्क व धुण्याचें पाणी तसेंच ओढ्यांत सोडलें, तर एक घाण काढून दुसरी केली असें होईल. प्यूपाचा फायदा तेथेंच, जेथें तो आधींच एका जागीं गोळा झालेला असतो आणि त्याचें तेल व प्रथिनेंहि कामास लावतां येतात. भारत रेशमाच्या उत्पादनांत चीनच्या खालोखाल आहे. आपल्या मराठवाड्यांत बीड-जालन्याकडे शेतकरी तुती लावून कोष पिकवतात, आणि जालन्यास कोषांची बाजारपेठहि आहे. धागा काढण्याचीं केंद्रें जेथें एकवटतील तेथें हा विचार करण्यासारखा आहे. विखुरलेल्या एका-दोन रहाटांच्या भरंवशावर नव्हे.

तथापि पैशाचा हिशेब बाजूस ठेवला, तरी या कामांत एक न्याय आहे असें मला वाटतें. किड्याचा जीव आपण धाग्यासाठीं घेतलाच आहे. त्याच्या देहांतील उरलेलें द्रव्य नीट वापरणें ही त्याची भरपाई होत नाहीं. पण तें फेंकून देऊन सांडपाण्याची दुर्गंधि वाढविण्यापेक्षां त्याचा कोणाच्या तरी जखमेवर पडदा व्हावा, हें केव्हांहि बरें. आणि तसा पडदा व्हावयाचा, तर माळेच्या टोप्या निघाव्यात, शेंपटें जडावींत, आणि माळ मात्र तुटूं नये, अशा बेतानें विस्तव काढतां आला पाहिजे.

पुढच्या वेळीं पाकांत लिंबू पिळाल, तेव्हां आंच थोडी वाढवून आणि नंतर थोडी कमी करून पाहा, आणि पाक किती वेळांत कसा बदलतो त्याकडे लक्ष द्या. विल्हेल्मीनें १८५० सालीं ज्या क्रियेवर घड्याळ लावलें होतें, तीच क्रिया आपल्या चुलीवर चाललेली असेल.